‘त्यांना कुठे आरक्षण होतं?’ : उल्हासनगरचा इतिहास आणि आपला प्रश्न



आरक्षणावर वाद सुरू झाला की दहा-पंधरा मिनिटांत एक वाक्य हमखास येतं. कॉलेजच्या कट्ट्यावर येतं, ऑफिसच्या डब्याच्या वेळेला येतं, व्हॉट्सअॅपवर तर रोज फिरतं. "सिंधी बघा. अंगावरच्या कपड्यांनिशी आले. आरक्षण नाही, सवलत नाही, काही नाही. पापड विकले, गोळ्या-बिस्किटं विकली आणि आज उल्हासनगर उभं आहे. मग तुम्हालाच का कुबड्या लागतात?" आपले तरुण इथे एक तर चिडतात, नाही तर गप्प बसतात. दोन्हींचा उपयोग नाही. ज्या शहराचं उदाहरण आपल्या तोंडावर फेकलं जातं, त्या शहराचा इतिहास आपण वाचला पाहिजे. तो नीट वाचला की हे उदाहरण आपल्याच बाजूने बोलायला लागतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख सिंधी समाजाच्या विरोधात नाही. घरदार, जमीन, देव, भाषा सगळं एका रात्रीत सोडून यावं लागणं म्हणजे काय, हे गावकुसाबाहेर जगलेल्या आणि गाव सोडून शहरात आलेल्या समाजाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. वाद आहे तो त्यांच्या कष्टाच्या कहाणीतून सरकार, जमीन, रेल्वे आणि जात हे चार शब्द गाळून ती आपल्याला ऐकवणाऱ्यांशी.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ मोठा लष्करी तळ उभारला. आजूबाजूच्या गावांची जमीन त्यात गेली. बराकी, रस्ते, पाण्याची सोय असं सगळं सैन्यासाठी बांधलं गेलं. युद्ध संपलं, सैन्य गेलं आणि तळ रिकामा पडला. 1947 ला फाळणी झाली. सिंधमध्ये पंजाबसारखी कत्तल सुरुवातीला झाली नाही, पण 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर हिंदू सिंधींचा लोंढा सुरू झाला. कराचीहून बोटी भरभरून मुंबईला लागू लागल्या. सिंधमधून एकंदर दहा-बारा लाख हिंदू भारतात आले असं मानलं जातं. त्यातले लाखभर लोक कल्याणच्या या तळावर आणून ठेवले गेले. एकेका लांबलचक बराकीत गोणपाटाचे आणि चादरींचे पडदे लावून अनेक कुटुंबं राहिली. संडास सार्वजनिक, पाण्याला रांग. मुंबई सरकारने 1948 मध्ये निर्वासितांसाठी वेगळा कायदा करून नोंदणी सक्तीची केली. मुंबईकरांना हे लोक नको होते, हेही खरं आहे. ‘निर्वासित’ ही शिवी झाली होती. म्हणून त्यांनी स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवून घ्यायला सुरुवात केली. आपल्यावर लादलेलं नाव नाकारून स्वतःचं नाव स्वतः ठेवायचं, याचा अर्थ आपल्याइतका दुसऱ्या कुणाला कळणार?

8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि ‘कल्याण कॅम्प’चं ‘उल्हासनगर’ झालं. नाव उल्हास नदीवरून. शहराच्या पोटातून वाहते ती मात्र वालधुनी, आणि तिचं पुढे काय झालं ते खाली सांगतो. 1960 च्या सुमारास नगरपालिका आली, 1996 मध्ये महानगरपालिका. कॅम्प एक ते कॅम्प पाच ही लष्करी काळाची वाटणी अजून तशीच आहे. आजही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना माणूस ‘तीन नंबर’, ‘पाच नंबर’ असंच सांगतो.

आता ‘काहीच नव्हतं’ या दाव्याकडे येऊ.

समाजशास्त्रात भांडवल म्हणजे फक्त पैसा असं कुणी मानत नाही. शिक्षण, ओळखी, व्यापाराचं ज्ञान, पतीवर उधार मिळण्याची ताकद हेही भांडवलच. सिंधमधला हिंदू समाज प्रामुख्याने शहरी होता. त्यातले आमिल पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीत आणि शिक्षणात, तर भाईबंद व्यापारात. सिंधच्या हैदराबादेतल्या ‘सिंधवर्की’ व्यापाऱ्यांच्या पेढ्या फाळणीच्या कितीतरी आधी जपानपासून जिब्राल्टरपर्यंत पसरल्या होत्या. शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या मध्य आशियात चालत. शिवाय 1936 पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे मुंबईतल्या बँका, वकील, दलाल, कॉलेजं यातलं काहीच या वर्गाला परकं नव्हतं. घर गेलं, दुकान गेलं, शेती गेली. पण अक्षर गेलं नाही, हिशेब गेला नाही आणि बिरादरीची हुंडी गेली नाही. बोटीतून उतरलेले सगळेच श्रीमंत होते असं मी म्हणत नाही. कॅम्पमध्ये आलेले बरेचसे मध्यम आणि गरीबच होते, पैसेवाले मुंबईत किंवा परदेशात गेले. पण त्या गरिबालाही उधारीवर माल देणारा कुणीतरी जातभाई बाजारात होता. महाराने 1948 साली कुणाच्या पेढीवर उधारी मागायची होती?

दुसरं, सरकार. बराकी सरकारच्या, जमीन सरकारची, सुरुवातीचं रेशन सरकारचं. धंद्यासाठी कर्ज, मुलांसाठी शाळा, फी माफी या योजनाही पुनर्वसन खात्याच्या. 1954 मध्ये संसदेने विस्थापितांना नुकसानभरपाई देण्याचा कायदा केला. पाकिस्तानात जे सोडून आलात त्याचा ‘क्लेम’ लावा, तो तपासला जाईल आणि त्याप्रमाणे भरपाई मिळेल. बराकी आणि प्लॉट याच व्यवस्थेतून लोकांच्या नावावर झाले. मला यात काहीही चूक वाटत नाही. इतिहासाने ज्यांचं सर्वस्व हिरावलं त्यांना राज्याने हात दिलाच पाहिजे. मग हाच न्याय ज्यांचं सर्वस्व दोन हजार वर्षं हिरावलं गेलं त्यांना लावला की त्याला ‘कुबड्या’ का म्हणतात?

आणि क्लेमची गंमत बघा. ज्याच्याकडे मालमत्ता होती त्याचाच क्लेम. जो दुसऱ्याच्या शेतात राबत होता, दुसऱ्याचे संडास साफ करत होता, त्याने कसला क्लेम लावायचा? आपल्याकडे याच्या उलट घडलं. महार वतन कायद्याने रद्द झालं तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वतनी जमिनी परत आपल्या नावावर करून घेण्यासाठी आपल्याच माणसांना सरकारात कब्जेहक्काची रक्कम भरावी लागली. ज्यांना ती भरता आली नाही त्यांच्या जमिनी कुणाच्या घशात गेल्या, ते प्रत्येक जिल्ह्यात म्हाताऱ्या माणसांना विचारा.

आता इतिहासाच्या पुस्तकांत फारसं न येणारं पान. फाळणीत दलितांचं काय झालं?

सिंधमधला सवर्ण हिंदू बोटीत बसून निघाला. मेघवार, भिल्ल, कोळी हे मोठ्या प्रमाणावर तिथेच राहिले, थरपारकरच्या वाळवंटात जमीनदारांच्या शेतावर राबत. आजही सिंधमधल्या हिंदूंत त्यांचा मोठा वाटा आहे. पण कराचीतल्या सफाई कामगारांना तर जायचं असूनही जाता येत नव्हतं. त्यांचं काम ‘अत्यावश्यक सेवा’ ठरवून त्यांना अडवण्यात आलं. भारताचे पाकिस्तानातले पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी हा विषय पाकिस्तानच्या पंतप्रधानांकडे काढला, तेव्हा ही माणसं गेली तर कराचीचे रस्ते आणि संडास कोण साफ करणार, अशा अर्थाचं उत्तर त्यांना मिळालं. त्यांनी स्वतःच हे नोंदवून ठेवलं आहे. दोन देश धर्माच्या नावावर वेगळे झाले, पण मैला कुणी उचलायचा यावर दोन्हीकडे एकमत होतं!

बाबासाहेब त्या वेळी केंद्रात कायदामंत्री होते. नोव्हेंबर 1947 मध्ये त्यांनी पाकिस्तानातल्या अस्पृश्यांना मिळेल त्या मार्गाने भारतात या, असं जाहीर आवाहन केलं. 18 डिसेंबर 1947 ला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचलं पाहिजे. पाकिस्तान दलितांना बाहेर पडू देत नाही, ही तक्रार त्यात आहेच. पण त्याहून टोचणारी तक्रार भारताबद्दल आहे. निर्वासित छावण्यांवरचे अधिकारी सवर्ण हिंदू आणि अस्पृश्य यांच्यात भेद करतात, म्हणून अस्पृश्य छावणीत राहू शकत नाहीत. आणि नियम असा की रेशन, कपडे ही मदत छावणीत राहणाऱ्यालाच. म्हणजे जातीमुळे छावणीबाहेर, आणि छावणीबाहेर म्हणून मदतीबाहेर. पूर्व पंजाबात तर जमिनीचाही प्रश्न होता, कारण 1900 च्या जमीन हस्तांतरण कायद्याने ज्या जातींना शेतकरी मानलं त्यांत दलित नव्हते. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली सगळी माणसं सारखी नव्हती. कपड्यांच्या आत जात होती.

आता याच फाळणीने घडवलेल्या दुसऱ्या वस्त्या पाहू. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांत पुढच्या लाटांमध्ये मोठा भरणा नामशूद्रांचा होता. याच समाजातल्या जोगेंद्रनाथ मंडल यांनी 1946 मध्ये बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेत निवडून आणण्यासाठी जिवाचं रान केलं होतं. तेच मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि 1950 मध्ये निराश होऊन राजीनामा देऊन भारतात परतले. त्यांच्या माणसांना सरकारने कुठे वसवलं? कलकत्त्याच्या लोकल रेल्वेवर? नाही. 1958 मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला आणि बंगालच्या दलदलीत भातशेती आणि मासेमारी करणारी ही माणसं ओडिशा-बस्तरच्या खडकाळ जंगलात नेऊन टाकली. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीच्या चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली निर्वासितांची गावं आहेत. तिथला नामशूद्र आजही अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी भांडतो आहे, कारण पश्चिम बंगालच्या यादीत असलेली त्याची जात महाराष्ट्राच्या यादीत नाही. दंडकारण्याला कंटाळून 1978 मध्ये हजारो लोक सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर जाऊन राहिले. कुणाकडे काही न मागता त्यांनी शाळा, दवाखाना, बोटी बांधायचा उद्योग उभा केला. हाही पुरुषार्थच होता. जानेवारी 1979 मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली, पाणी आणि अन्न तोडलं, गोळीबार झाला आणि मे महिन्यात वस्ती उठवली गेली. किती मेले यावर आजही एकमत नाही.

उल्हासनगर आणि मरिचझापी यांच्यातला फरक कष्टाचा होता का? दोन्हीकडची माणसं राबणारी होती. उल्हासनगरच्या अंगणातून मध्य रेल्वे जाते. साठ किलोमीटरच्या आत मुंबईची बाजारपेठ, शेजारी कल्याण जंक्शन, एका हाताला शहाड, दुसऱ्या हाताला विठ्ठलवाडी आणि अंबरनाथ. रात्री शिवलेला माल सकाळच्या गाडीने भुलेश्वरला. या जागेची किंमत क्लेमच्या कुठल्याच कागदावर लिहिलेली नव्हती, पण खरी भरपाई तीच होती. पिंपरीचा कॅम्प पाहा, चेंबूरची कॉलनी पाहा, कोल्हापूरजवळचं गांधीनगर पाहा. सगळी मोठ्या बाजाराच्या कडेला. बाबासाहेब खेड्याबद्दल संविधान सभेत जे कठोर बोलले आणि शहराकडे चला म्हणाले, त्याचा आर्थिक अर्थ समजून घ्यायचा असेल तर उल्हासनगर आणि मुलचेरा यांचे नकाशे शेजारी-शेजारी ठेवा.

या समाजाकडून शिकण्यासारखं खूप आहे, हेही तितक्याच मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. कराचीचं कॉलेज सोडून आलेल्या प्राध्यापकांनी 1948 मध्येच मुंबईत जय हिंद कॉलेज काढलं. स्वतः निर्वासित असताना! हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने पुढे मुंबईत के. सी. कॉलेज आणि 1965 मध्ये उल्हासनगरात चांदीबाई कॉलेज उभं केलं. बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं तोच हा काळ. दोन उद्ध्वस्त समाजांनी एकाच शहरात, एकाच वेळी, एकच उत्तर शोधलं होतं. त्यांच्या संस्था वाढत गेल्या. आपण आपल्या संस्थेत काय केलं, यावर वेगळा लेख लिहावा लागेल आणि तो गोड नसेल. मात्र एक हिशेब इथेच नोंदवतो. 2005 च्या 93 व्या घटनादुरुस्तीने खासगी शिक्षणसंस्थांत आरक्षणाचा मार्ग मोकळा केला, पण अल्पसंख्याक संस्था त्यातून वगळल्या. भाषिक अल्पसंख्याक म्हणून सिंधी संस्थांनाही ती सूट लागू होते. म्हणजे ‘त्यांना कुठे आरक्षण होतं’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की आपल्या समाजासाठी राखीव जागा ठेवण्याचा घटनात्मक हक्क त्या संस्थांनाही आहे. 1967 मध्ये सिंधी भाषेला आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, तीही मागणी लावून धरल्यामुळे. हक्क मागून मिळवण्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही. मग आम्हालाच का वाटावा?

आज या शहराचं आकर्षण काय आहे? 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 5,06,098, क्षेत्रफळ साधारण 13 चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरला 38 हजारांच्या आसपास माणसं. तरी लोक येतात. लग्नाचा बस्ता, कपाट, पलंग, गाऊन, जीन्स, मोबाईलचे सुटे भाग, सगळं इथे स्वस्त. फर्निचर बाजार, गजानन मार्केट, जपानी बाजार ही नावं ठाणे जिल्ह्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहेत. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद जुना झाला, पण त्यात एक मजेशीर सत्य आहे. ब्रँडची मक्तेदारी मोडून सामान्य माणसाच्या अंगावर जीन्स चढवली ती या शहराने. आपल्या वस्तीतल्या पोराला चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत नवी पँट मिळाली ती बहुतेक इथलीच. चालिहोच्या उपासाच्या दिवसांत झुलेलालचं मंदिर गजबजतं, सकाळी दाल-पकवानच्या गाड्यांवर गर्दी असते, आणि त्या गर्दीत मराठी, भोजपुरी, बंगाली सगळ्या भाषा ऐकू येतात.

पण ती पँट शिवतो कोण, रंगवतो कोण, धुतो कोण? रसायनात कोपरापर्यंत हात घालून काम करणारे कामगार उत्तर प्रदेश, बिहार, बंगालचे, आणि त्यांची जात विचारायला कुणी जात नाही म्हणून ती कळत नाही इतकंच. ते रंगीत पाणी वर्षानुवर्षं वालधुनीत गेलं. गेल्या दशकात न्यायालयीन आदेशांनंतर जीन्स धुलाईचे कारखाने बंद करावे लागले. मालकांनी दुसरीकडे जागा शोधली. कामगारांचं पुनर्वसन हा शब्द कुठल्या आदेशाच्या केंद्रस्थानी आला नाही. फाळणीचा निर्वासित निर्वासित असतो, कारखाना बंद पडलेला नसतो!

आणि आपली माणसं? शहाडच्या रेयॉन कारखान्यापासून अंबरनाथच्या कंपन्यांपर्यंत रोजगारासाठी मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्रातून आलेला बौद्ध समाज या पट्ट्यात मोठ्या संख्येने आहे. तोही गाव सोडून आलेलाच. दुष्काळाने म्हणा की जातीने, आला तो परत न जाण्यासाठी. पण त्याला बराक मिळाली नाही, क्लेम मिळाला नाही. त्याने टेकडी धरली. कॅम्प चारमधली सुभाष टेकडी ही आंबेडकरी चळवळीची वस्ती म्हणून सगळ्या मुंबई पट्ट्यात ओळखली जाते. माध्यमांना मात्र उल्हासनगरचा आंबेडकरी माणूस दिसला तो 30 नोव्हेंबर 2006 ला, कानपूरच्या पुतळा विटंबनेनंतर डेक्कन क्वीनचे डबे जळाले तेव्हा. डबे जळाले त्याचे फोटो आजही सापडतात. त्याच वस्त्यांतून किती मुलं नर्स, शिक्षक, इंजिनिअर झाली याचा फोटो कुणी काढलेला नाही.

शेवटचा मुद्दा कायद्याचा, कारण कार्यकर्त्यांच्या कामाचा तोच आहे. उल्हासनगरात बेकायदा बांधकामं प्रचंड झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, 855 इमारती पाडण्याचा विषय गाजला. त्यावर राज्य सरकारने 2006 मध्ये फक्त उल्हासनगर शहरासाठी खास कायदा करून दंड भरून बांधकामं नियमित करण्याची वाट काढली. एका शहरासाठी एक कायदा! आणि हेच राज्य त्याच्या एक-दीड वर्ष आधी मुंबईत कट-ऑफ तारखेचं कारण सांगून हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरवत होतं. तिथे पोरं उघड्यावर आली तेव्हा नियमितीकरण कुणाला सुचलं नाही. उल्हासनगरला दिलेल्या सवलतीबद्दल माझा आक्षेप नाही, माणसं राहत असतील तर छप्पर वाचलंच पाहिजे. पण नियमित करताना इमारतीची मजबुती बघितली नाही तर काय होतं तेही इथेच दिसलं. मे 2021 मध्ये पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं मेली.

आज या शहरात पुनर्विकासाची भाषा सुरू आहे. पुनर्विकासात घर त्याला मिळतं ज्याच्याकडे कागद असतो. बराकीवाल्याकडे सनद आहे, निदान ती मिळवण्याची कायदेशीर वाट आहे. टेकडीवरच्या आपल्या माणसाकडे वीजबिल आणि रेशनकार्ड. म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, कल्याण पट्ट्यातल्या कार्यकर्त्यांना विनंती आहे की विहारात रविवारची वंदना झाली की तासभर टेबल मांडा. प्रत्येक घराची जुनी घरपट्टी, फोटोपास, मतदार यादीतलं जुनं नाव, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता गोळा करा, झेरॉक्स काढून फाईल लावा. जमीन कुणाच्या नावावर आहे, सरकारची, पालिकेची की खासगी, हे माहिती अधिकारात अर्ज टाकून विचारा. विहाराच्या जागेचा कागद कुणाकडे आहे, हेही त्याच अर्जात विचारा.